डॉक्टरांनी तुमच्यासाठी सांगितलेलं

बाबा,

काल नातीनं मला नांदेडला कानाच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. मी नको नको म्हणत होते, पण ती ऐकते कुठं. ऐकत नाही ती तूच, असं तिचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही. दारावरची बेल कळत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, सून काही बोलली की मी "व्हय व्हय" म्हणून मोकळी होते आणि मग भलतंच होऊन बसतं. तर तिथं मला एका काचेच्या खोलीत बसवलं, दोन्ही कानांवर टोपणं घातली आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाची पाळी आली तेव्हा तिथल्या पोरीनं डाव्या कानात नुसता सूं सूं आवाज सोडून दिला. मी म्हटलं, हे काहून? तर हसली. म्हणाली, "आजी, चांगला कान लबाड असतो. शेजारच्याचं तोच ऐकतो आणि उत्तर देऊन टाकतो. त्याला असं कामाला लावून ठेवावं लागतं." एवढीशी गोष्ट, बाबा. आपल्या घरात त्या वर्षी एवढीशी गोष्ट वेळेवर कुणाच्या डोक्यात आली नाही.

उजव्या कानात काहीच निघालं नाही, ते मला माहीतच होतं. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून आत बघितलं आणि विचारलं, "हे ऑपरेशन कुणी केलं हो?" मी म्हटलं, हैदराबादला केलं, निजामाच्या काळात, दहा वर्षांची होते. त्या पुन्हा वाकून बघायला लागल्या. म्हणाल्या, "काम स्वच्छ आहे. साठ वर्षांनी कान कोरडा आहे, ही साधी गोष्ट नाही. ऐकू येणं मात्र त्या काळी फारसं कुणाच्या हाती लागायचं नाही. जीव वाचवायचे, तेवढंच." डावा आता वयानं चाललाय. अजून वर्षभरात यंत्र लावूनही कितपत, ते सांगता येत नाही म्हणाल्या. घरी आले, चहा घेतला, आणि वही काढून बसले. मला दम नाही आता. चार ओळी लिहिल्या की बोटं दुखतात. पण तुमच्याशी एक बोलायचं राहून गेलंय, आणि ते मला स्वतःच्या कानानं ऐकू येतंय तोवर बोलून टाकावं असं वाटलं.

तुम्ही हळदीचे पारखी होता. कुरुंद्याच्या पट्ट्यातली हळद बाजारात आली की आडते तुम्हाला बोलावणं धाडायचे. ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तुम्ही एक हळकुंड काढायचे, कानाशी न्यायचे आणि कट्कन मोडायचे. वाळलेलं हळकुंड मोडताना खणकतं, दमट असलं तर मऊ मोडतं, आवाज म्हणून करत नाही. "ओली हळद मुकी असती, माय," असं तुम्ही मला शिकवलं होतं. लेकीला माय म्हणायची तुमची सवय. तुमची नखं बारमाही पिवळी. माल चांगला का वाईट यावर लोक हमरीतुमरीवर यायचे, पण तुमच्या कानानं एकदा सांगितलं की दोन्ही बाजू गप. पोरगा नव्हता तुम्हाला, आणि मी चिवट. मागं लागून लागून मी तुमच्याबरोबर बाजाराला यायला लागले. लोक हसायचे. "पोरीला काय पारखी करता का?" तर तुम्ही छाती काढून म्हणायचे, "माझ्या लेकीचा कान माझ्यापरीस तेज हाय." ते ऐकून मी हवेत असायची. खरं म्हणजे उजवा कान माझा गोवर झाल्यापासून वाहत होता. माय कापसाचा बोळा घालून द्यायची. शेजारच्या चार लेकरांचेही वाहत होते. वयात आली की थांबतंय, असं सगळ्या बाया सांगायच्या, आणि आपणही तेच धरून चाललो.

तो दिवस जवळा बाजार या गावातला. आठवडी बाजार, ऊन मी म्हणतंय, गलका असा की शेजारचा माणूस ओरडून बोलतोय. एका शेतकऱ्यानं मोठा ढीग लावलेला, आडत्या घ्यायला तयार, आणि तुम्ही सगळ्यांदेखत हळकुंड माझ्या हातात दिलं. "सांग माय, काय म्हनती." मी उजव्या हातानं उजव्या कानाशी मोडलं. त्या गलक्यात मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. तेव्हा गप बसायचं, का दुसरं मागायचं? पण मी शहाणी. मी म्हटलं, "मुकी हाय." तो शेतकरी ताडकन उठला. "काहून हो, पोरीच्या तोंडानं माझा माल नासवता का?" तुम्ही स्वतः एक मोडलं, दुसरं मोडलं, तिसरं मोडलं. तिन्ही खणखणीत. लोक हसले. तुमचं तोंड लाल झालेलं मला अजून दिसतं. "कान फुटले का तुझे?" म्हणालात आणि ठेवून दिलीत. उजव्या कानावर, पंजा उघडा टाकून. त्याआधी तुम्ही मला कधी हात लावला नव्हता असं नाही, चापटधपाटे सगळ्याच घरात चालायचे. पण बाजारात, शंभर माणसांत, आणि ज्या कामाची मला एवढी घमेंड होती त्याच कामावरून! मी रडले नाही. घरी येईपर्यंत बैलगाडीत तुमच्याकडे पाठ करून बसले. कापसाला रक्त लागलं होतं ते मायनं बघितलं.

चौथ्या दिवशी ताप भरला. कानामागं लिंबाएवढी गाठ आली, कान पुढं झुकला, पाणी प्याले तरी उलटी. मायनं लसूण घालून तेल कोमट केलं आणि ओतलं, तेव्हा मी जी किंचाळले ती तुम्ही अंगणातून धावत आलात. वसमतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं बोट लावलं आणि म्हणाला, हाड सडलंय, हे आत उतरलं तर पोरगी हाती लागत नाही, आजच निघा. वसमतची गाडी, पूर्णेला बदलायची, मग रात्रंदिवस हैदराबाद. मला त्यातलं एवढंच आठवतं की माझं डोकं तुमच्या मांडीवर आहे आणि तुम्ही डब्यात जो येईल त्याला सांगताय. "माझ्या हातानं झालं हो. माझ्याच हातानं." कुणी विचारलं नाही तरी सांगताय. दवाखान्यात पोचलो तर तिथल्या मोठ्या डॉक्टरलाही हात जोडून तेच. "मैंच मारा साब. इसी हाथ से." डॉक्टरनं माझ्या कानात बघितलं, वास घेतला, नर्सला काही सांगितलं आणि तुम्हाला बाहेर उभं केलं.

क्लोरोफॉर्मचा गोड वास अजून नाकातून जात नाही. जागी झाले तेव्हा अर्धं डोकं भादरलेलं आणि पट्टीचं एवढं मोठं गाठोडं. किती दिवस होते तिथं? महिना तरी असेल. रोज पट्टी ओढून काढायचे तेव्हा माझा जीव जायचा. तुम्ही आवारात, इतर नातेवाइकांसारखे, तीन दगडांच्या चुलीवर खिचडी करायचे. बाजारातला नावाजलेला पारखी, घरात पाण्याचा तांब्या हातानं न घेणारा माणूस, आणि तिथं डोळ्यांत धूर घेत खिचडी ढवळतोय. करपायची ती. मी खायची नाही. तोंड फिरवायची. तुम्ही घास धरून बसून राहायचे, थंड झाला की परत भांड्यात टाकायचे. मला तुमची दया यायची आणि मी तोंड फिरवायचीच, दोन्ही एकदम.

आता जे सांगायचंय ते. घरी सोडायच्या दिवशी तुम्ही गाडीची चौकशी करायला स्टेशनवर गेला होता. डॉक्टर फेरीला आला. खाटेजवळ उभा राहिला आणि हिंदुस्थानीत, सावकाश, मला कळेल असं बोलला. "बेटी, अपने बाप से कहना, उनके मारने से नहीं हुआ ये. रोग बरसों का था, अंदर ही अंदर हड्डी खा रहा था. मारा न होता तो भी यही होता. इस कान से अब सुनाई नहीं देगा, पर जान बच गई. कान को सूखा रखना. कहोगी ना?" मी म्हटलं, "हौ." तो गेला. तुम्ही आलात, हातात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. माझ्या मनगटावर चढवता चढवता विचारलंत, "डागदर काय म्हनला गं माय?" मी म्हटलं, "काई न्हाई. कान कोरडा ठेवा म्हनला." खोटं नव्हतं ते. तीन गोष्टींतली एक मी सांगितली. बाकीच्या दोन ठेवून घेतल्या. ऐकू येणार नाही ही गोष्ट मला तोंडातून काढवत नव्हती, मी काढली असती तर ती खरी झाली असती. आणि मारण्याची गोष्ट मी का नाही सांगितली, ते मला पक्कं ठाऊक आहे. मनात म्हटलं, जळू देत अजून चार दिवस. शंभर माणसांत मारलं ना? जळू देत.

चार दिवसांचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. घरी आल्यावर तुम्ही माझ्या कानाची परीक्षा घ्यायला लागलात. दर सोमवारी, अंघोळ करून, देवाला हात जोडून. मला पाटावर बसवायचे, माझ्या मागं बसायचे आणि घरातलं हळकुंड माझ्या उजव्या कानाशी मोडायचे. "काय म्हनती?" घरात सामसूम, माय चुलीशी श्वास धरून. आवाज यायचा ना! डाव्या कानात स्पष्ट यायचा. "खणकती," मी म्हणायची. तुम्ही दमट ठेवलेलं एखादं मधेच मोडायचे, मला फसवायला. "ही मुकी." बरोबर! तुमचा चेहरा मागं असायचा, पण मायचा समोर असायचा, आणि तिच्या तोंडावरून मला कळायचं तुम्ही कसे दिसत असाल ते. तुम्ही गावभर सांगितलंत, पोरीचा कान परत आला. आवाज कोणत्या कानानं येतोय ते तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एवढा कानाचा जाणता माणूस, पण माणसाला दोन कान असतात हे मात्र विसरला. सहा-सात सोमवार असे गेले. मला त्याची चटक लागली होती म्हटलं तरी चालेल.

मग दसऱ्याच्या सुमाराला ती गाडी. मी रस्त्याच्या कडेनं चाललेली, उजवीकडून भरधाव बैलगाडी, गाडीवान बोंबलतोय, बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजतायत, आणि मी आपली निवांत. तुम्ही पलीकडून बघत होता. कुणीतरी माझा दंड धरून ओढलं म्हणून वाचले. तुम्ही मला घरी आणलंत, पाटावर बसवलंत, सोमवार नव्हता, अंघोळ नव्हती. आणि या वेळी तुमच्या डाव्या हाताचा अंगठा माझ्या डाव्या कानात घट्ट दाबलात. मला घुमल्यासारखं झालं, मग सगळं थांबलं. मी वाट बघत बसले. तुम्ही मोडताय का नाही तेच कळेना. शेवटी मान वळवली तर तुमच्यापुढं मोडक्या हळकुंडांचा सडा. पाच नाही, दहा नाही. वर्षाची घरची हळद संपवत आणलेली. तुमचा हात कानाशी येत होता, मोडत होता, परत टोपलीत जात होता. मायनं टोपली ओढून घेतली तेव्हा थांबलात. तुम्ही बोललात ते तुमच्या ओठांवरून मी वाचलं. "माझ्या हातानं गेला." अंगठा अजून माझ्या कानातच होता. तेव्हा सांगायला हवं होतं. याहून चांगली वेळ कोणती? पण आता सांगितलं तर तुम्ही विचाराल, मग इतके दिवस काहून नाही बोललीस, आणि हळद खणकती म्हणून काहून खेळवलंस. म्हणून गप बसले.

त्यानंतर तुम्ही बदललात, बाबा. कुणावर हात उगारला नाहीत, बैलावरसुद्धा नाही. चालताना माझ्या उजवीकडून चालायचे, येणारीजाणारी गाडी तुमच्या अंगावर आधी यावी म्हणून. पोरीला अक्षर काय शिकवायचं, असं म्हणणारे तुम्ही, देवळात एक म्हातारे मास्तर मराठी शिकवायचे तिथं मला घेऊन गेलात. "उजव्या कानानं ऐकू येत न्हाई तिला. माझ्या हातानं गेला. डाव्या बाजूला बसून शिकवा." मास्तरांना सांगितलंत, पाहुण्यांना सांगितलंत, स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांना चहाच्या आधी सांगितलंत. दर वेळी मी शेजारी उभी. दर वेळी माझ्या तोंडाशी यायचं, आणि दर वेळी मी पदर नीट करायची. मला लिहिता-वाचता आलं, मास्तरीण झाले, शिकलेला नवरा मिळाला. पोरांनी उजव्या बाजूनं हाक मारली की मी भलतीकडंच बघायची, पोरं हसायची, पण माझ्या शाळेत कुठल्या लेकराच्या कानाला कधी कुणी हात लावला नाही, मी लावू दिला नाही. हे सगळं तुमच्या त्या एका समजुतीवर उभं राहिलंय. तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही मला देवळात नेलं असतं का? नसतं. मला तेव्हाही हे कळत होतं. पोरगी म्हणून मी फार भोळी होते असं कुणी समजू नये.

निजामाचं राज्य गेलं त्याच सालच्या थंडीत तुम्ही अंथरूण धरलंत. छाती भरली होती. मी सासरहून आले. दुपारची वेळ, माय बाहेर वाळवण उचलत होती. तुम्ही खुणेनं मला डाव्या अंगाला बसायला सांगितलंत, स्वतः कूस बदललीत त्यासाठी, दम लागेपर्यंत. आणि म्हणालात, "माय, तेवढं एक माफ कर." नऊ वर्षांनी मी तोंड उघडलं. सगळं सांगितलं, बाबा. डॉक्टर काय म्हणाला ते त्याच्याच बोलीत सांगितलं. बरसों का रोग, मारा न होता तो भी यही होता. तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत. मग हसलात. तो पिवळा पंजा माझ्या डोक्यावर ठेवलात आणि म्हणालात, "लई गुणाची हायेस. मागं बी अशीच म्हनली व्हतीस, ऐकू येतं म्हनून. माझ्या जीवाला बरं वाटावं म्हनून." मी म्हटलं, "न्हाई हो बाबा, खरंच." तुम्ही मान हलवलीत, लेकरानं हट्ट केल्यावर हलवतात तशी. दोन दिवसांनी गेलात. ते ओझं घेऊनच गेलात.

सगळे म्हणतात मी बापाची फार सेवा केली. मीही कधी खोडून काढलं नाही. हे पत्र कुठं टाकणार, ट्रंकेत राहील, आणि मी गेल्यावर नात वाचेल तर वाचेल. पण तुम्हाला एवढं कळलेलं बरं. त्या दुपारी तुम्ही विश्वास ठेवला नाहीत तेव्हा मी दुसऱ्यांदा सांगू शकत होते. शपथ घेऊ शकत होते, कान गोवरापासूनच वाहत होता हे सांगायला मायला बोलावू शकत होते. मी "खरंच" एकदाच म्हणाले आणि थांबले. तुम्ही मानलं नाही याचं मला हायसं वाटलं होतं.